लांबवलेला घास

२ जुलै

बाबा,

पत्राच्या सुरुवातीला हवापाण्याच्या दोन ओळी लिहायच्या असतात, असं आईने शिकवलं होतं. त्या मी लिहिणार नाही. पाऊस तुमच्या बेटावर पडतोय तसाच इथेही पडतोय. फोन केला असता, पण माझा आवाज ऐकला की तुम्ही गप्प होता आणि तुम्ही गप्प झालात की मी फोन आपटते. तेव्हा हे पत्र.

तुम्हाला नातू झाला. नऊ जूनला. नाव इसाना. हो, देवमाशाचं जुनं नाव. तुमच्या जावयाने, तेरुआकीने सुचवलं. तुमच्यासाठी ठेवलेलं नाही, उगाच खूश होऊ नका. अडीच किलोचा देवमासा, डझनभर नळ्या लावलेला.

हृदय निम्मंच आहे. डावी बाजू वाढलीच नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पाचव्या महिन्यात मी तेच सांगायला फोन केला होता आणि तुम्ही म्हणालात, "पोटात आहे तोवरच विचार कर, चिनात्सु. नंतर फार जड जातं." ते वाक्य मी विसरलेले नाही, विसरणारही नाही. पण आज तो विषय नाही.

पहिलं छोटं ऑपरेशन आठव्या दिवशी झालं. मोठं अजून बाकी आहे. सगळं हृदयाचंच असतं तर मी कशीबशी धीर धरून बसले असते. पण आता पोटाने डोकं वर काढलंय. अशा मुलांचं हृदय रक्त पुरवून पुरवून वापरतं. मेंदूला आधी, आतड्याला उरलंसुरलं. उपाशी आतड्यात दूध गेलं की ते सुजतं, सडायला लागतं. दर तीन तासांनी एक मिली दूध, तेही नळीतून. चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा! ते सुरू करून चार दिवस झाले आणि त्याचं पोट फुगलं. लंगोटात रक्त दिसलं. दूध बंद.

आता ऐका कसं आहे ते. वजन वाढलं की मोठं ऑपरेशन करणार. दुधाशिवाय वजन धड वाढत नाही. आतड्याला रक्त पुरत नाही म्हणून दूध देत नाहीत. आणि रक्त पुरायला हवं तर मोठं ऑपरेशन झालं पाहिजे. हे मी डॉ. नेगिशींना तोंडावर म्हटलं. त्या म्हणाल्या, "अगदी बरोबर समजलंय तुम्हाला." शाबासकी मिळाली. डोकं फोडून घ्यावंसं वाटलं.

कळवायचं म्हणून कळवलं. उत्तराची अपेक्षा नाही.

चिनात्सु


१५ जुलै

बाबा,

तुम्हाला वेड लागलंय का?

काल सकाळी नर्सच्या टेबलावर थर्माकोलचा खोका आला. वर माझं नाव, वॉर्डाचं नाव, आणि तुमच्या अक्षरात "बर्फ आहे, लगेच उघडा." कुवाबारा सिस्टरना वाटलं, दुसऱ्या इस्पितळातून काहीतरी तपासायला आलंय. त्यांनी हातमोजे घालून उघडलं, तर आत सणाचा ताई मासा! दोन हात लांब, लालबुंद, डोळे वटारून बघतोय. जिथे आम्ही कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय पाऊल टाकत नाही, त्या दारात मासा, बाबा!

मी वाकून वाकून माफी मागितली. कंबर मोडायची वेळ आली. कुवाबारा सिस्टर हसू दाबत म्हणाल्या, "अहो, पण काय ताजा आहे हो! वडील कोळी का?" मी म्हटलं, "कोळी आहेत आणि शब्दांचे कंजूष आहेत."

चिठ्ठी नाही, दोन ओळी नाहीत. मी आतडी सडल्याचं लिहिलं आणि तुम्ही मासा पाठवलात. तोंडात मूग धरून बसायची हौस कधी फिटणार तुमची?

मासा आम्ही आईबापांसाठी जे घर आहे ना, इस्पितळामागे, तिथे नेला. स्वयंपाकघर सामाईक आहे. अर्धा मिठात भाजला, अर्धा भातात शिजवला. इतर मुलांच्या आया जमल्या. सगळ्यांनी बसून खाल्लं. मी इतके दिवस दुकानातले भाताचे गोळे उभ्याउभ्या गिळत होते. काल बसून जेवले. दूधही बरं आलं. हे तुम्हाला सांगायचं नव्हतं, पण लिहून झालं.

दूध काढते, पिशवीत भरते, नाव घालते, गोठवणीत ठेवते. पाजायचं नाही, नुसतं ठेवायचं. गोठवणीत इसानाचा कप्पा भरला म्हणून आता दुसरा दिलाय. ज्याला एक थेंब देत नाहीत त्याच्या नावाचे दोन कप्पे.

लहानपणी तुम्ही मला शिकवलं होतं, माशाचं पोट दाबून बघ, कडक असेल तर ताजा. इथे उलटं आहे. सिस्टर रोज पोटाभोवती टेप लावतात आणि बोटांनी हळूच दाबतात. मऊ असेल तर सगळे हसतात. आज मऊ आहे. दहा दिवस उपास आणि औषध झालं, सोमवारी पुन्हा एक मिली.

पुन्हा मासा पाठवू नका.

चिनात्सु


९ ऑगस्ट

बाबा,

आतडं कापलं.

तीन मिलीपर्यंत पोचलो होतो. तीन! तेरुआकीने फोनवर "तीन, तीन" असं ओरडून त्याच्या ऑफिसात सगळ्यांना सांगितलं होतं. मग गुरुवारी सिस्टरनी नळीतून उरलेलं दूध ओढून बघितलं, तर हिरवं आलं. पोट कातडी ताणून चकाकायला लागलं. फोटो काढला, त्यात आतड्याच्या भिंतीत हवेचे बुडबुडे दिसले. दुपारपर्यंत थांबले आणि मग आत नेलं. निम्म्या हृदयाच्या मुलाला भूल द्यायची म्हणजे काय, हे कोणी तोंडाने बोललं नाही. कागद पुढे केला आणि आम्ही सही केली.

चार बोटं लांबीचं आतडं काळं पडलं होतं. ते काढलं. वरचं टोक पोटावर बाहेर आणून ठेवलंय. आई डब्यात पांढऱ्या भातावर मधोमध खारवलेल्या फळाची लाल उमेबोशी ठेवायची ना, अगदी तस्सं दिसतं. इथल्या आयाही त्याला उमेबोशीच म्हणतात. मी डब्यातला भात आता खाऊ शकत नाही.

मी डॉ. नेगिशींना विचारलं, "माझ्या दुधानेच झालं का?" त्या म्हणाल्या, "तुमचंच दूध सगळ्यांत चांगलं." मग मी विचारलं, "पुन्हा कधी देणार?" त्या म्हणाल्या, "जरा अंदाज घेऊ या." बाबा, या तीन शब्दांनी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. वजनाचं? अंदाज घेऊ या. ऑपरेशन? अंदाज घेऊ या. सगळे इतके सभ्य आहेत की भांडायलाही जागा नाही. कोणीतरी एकदा दरडावून सांगा ना, होईल किंवा नाही होणार!

शिरेतून अन्न चाललंय. त्याने वजन थोडं चढतं आणि डोळे पिवळे होतात.

तेरुआकी म्हणतो, तुम्हाला नको लिहू, उगाच मनस्ताप करून घेतेस. मी म्हटलं, चिडायला माणूस लागतं. तुझ्यावर चिडले तर तू रडतोस.

चिनात्सु


३० ऑगस्ट

बाबा,

विनंती करायची आहे, म्हणून आज नीट लिहिते.

सोळा सप्टेंबरला इसानाला शंभर दिवस होतात. त्या दिवशी मुलाला पहिला घास भरवतात. भरवतात म्हणजे काय, जेवायच्या काड्या नुसत्या ओठांना लावायच्या. ताई, लाल भात, सूप, सगळं मांडायचं आणि मुलाच्या पोटात काहीच जायचं नाही. परवा दूध काढताना एकदम सुचलं आणि मी एकटीच हसत सुटले. सगळ्या जगाची मुलं त्या दिवशी खाण्याचं नाटक करतात. म्हणजे त्या एका दिवशी तरी माझा मुलगा कोणापेक्षाही कमी नाही.

कुवाबारा सिस्टरना विचारलं. अन्न आत आणायचं नाही, पण दगड चालेल म्हणाल्या. दात घट्ट व्हावेत म्हणून काड्या दगडाला टेकवून मग हिरड्यांना लावतात, तो दगड. मी त्यांना म्हटलं, दगड कसा चालेल, त्यावर जंतू नसतील? त्या म्हणाल्या, "कात्र्या-चिमट्यांबरोबर यंत्रात घालू. दगडाला काय होतंय?"

मुलगा असेल तर घरातला सगळ्यांत वयस्क पुरुष घास भरवतो. तेरुआकीचे वडील तो कॉलेजात असतानाच गेले. उरलात तुम्ही. दुसरं कोणी असतं तर मी तुमच्या दारात आले नसते, हे स्पष्ट सांगते. देवळाखालच्या किनाऱ्यावरचा एक दगड घेऊन या. गुळगुळीत बघा.

तुम्ही ते वाक्य बोललात, त्याबद्दल काही म्हणायला लावणार नाही. नुसते या. हात धुवा, काड्या धरा, दगडाला लावा, त्याच्या ओठाला लावा. एक मिनिटाचं काम आहे.

चिनात्सु


१७ सप्टेंबर

तुम्हाला लाज कशी वाटली नाही?

पहिल्या फेरीबोटीने आलात. काळा सूट घातलात, कापराचा वास येत होता. मी तो वास ओळखला, आई गेली त्या वेळचाच सूट. सिस्टरनी सांगितलं तसे कोपरापर्यंत हात धुतलेत, दोनदा. गाऊन घातला, टोपी घातली. मला वाटलं, आला माझा बाप. इतकी वर्षं गप्प राहिला, पण आला.

काचेच्या दारापर्यंत आलात. आत बघितलंत. तो जागा होता बाबा, तुमच्याकडेच बघत होता. आणि तुम्ही म्हणालात, "ओठ निळे आहेत." मी म्हटलं, "असतातच, निम्मं हृदय आहे." तर म्हणालात, "मला नाही जमायचं." आणि फिरलात!

मी इस्पितळाच्या सपाता घालून बस थांब्यापर्यंत धावले. बस गेली होती. परत आले तर गाऊन चपलांच्या कप्प्यात कोंबलेला आणि बाकावर पंच्यात गुंडाळलेला दगड.

तेरुआकी म्हणाला, "मी भरवतो." मी म्हटलं, नको. कुवाबारा सिस्टर म्हणाल्या, "आज राहू द्या." त्यांनी दगड उचलून ठेवला. लाल भाताचा डबा मी बाहेर बाकावर बसून एकटीने संपवला, उमेबोशीसकट.

काल दुपारीच त्याचं दूध पुन्हा सुरू झालं. एक मिली. तुम्ही पाच मिनिटं थांबला असतात तर बघितलं असतं.

मी आता लिहिणार नाही. दगड परत हवा असेल तर कळवा.


२४ सप्टेंबर

बाबा,

लिहिणार नाही म्हटलं होतं. पण काल तुम्ही फोनवर जे बोललात तेवढं मी जन्मात तुमच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मला ते परत एकदा स्वतःच्या हाताने मांडून बघायचं आहे. कुठे चुकले तर सांगा.

माझ्या आधी एक होता. नाव रेईजी. त्याचे ओठ निळे होते. बेटावरचा डॉक्टर म्हणाला, मोठ्या शहरात न्या. त्या आठवड्यात समुद्र खवळलेला होता. शंभराव्या दिवशी त्याला घास भरवला. आजोबा आधीच समुद्रात बुडून गेलेले, म्हणून घरातले वयस्क पुरुष तुम्हीच, पंचविसाव्या वर्षी. तुम्ही काड्या लावल्या, तो हसला आणि चार दिवसांनी गेला.

बर्फाच्या कोठारामागे तो छोटा दगडी जिझो आहे, गेलेल्या मुलांचा राखणदार. दर उन्हाळ्यात तुम्ही त्याला नवं लाल लाळेरं बांधता. मी लहानपणी विचारलं होतं, हा कोणाचा? तुम्ही म्हणालात, गावाचा. मी मैत्रिणींना सांगायचे, माझे बाबा गावाचं काम करतात. आईसुद्धा एका शब्दाने बोलली नाही. तुम्ही दोघांनी मिळून मला मूर्ख बनवलंत, त्याचा राग मला आज आहे, उद्याही असेल.

"माझ्या हाताला यश नाही," तुम्ही म्हणालात. आणि पाचव्या महिन्यात फोनवरचं ते 'विचार कर' प्रकरण? "मला तुझं तसं व्हायला नको होतं." बाबा, हे तेव्हाच सांगायला काय झालं होतं? मी आठ महिने तुम्हाला दगडाच्या काळजाचा समजत होते. आठ महिने!

मग मी विचारलं, माझ्या वेळी कोणी भरवलं? तुम्ही म्हणालात, "आईने शंभराव्या दिवशी करूच दिलं नाही. म्हणाली, लांबवू या. घास लांबवला की आयुष्य लांबतं, अशी तिच्या माहेरी रीत. एकशेविसाव्या दिवशी तिनेच भरवलं."

मी आज कुवाबारा सिस्टरना सांगितलं. त्या म्हणाल्या, हो, आमच्याकडेही लांबवतात. मग मला म्हणाल्या, "अहो, तुमच्या मुलाचा घास तर आम्ही जून महिन्यापासून लांबवतोय. त्या हिशेबाने तो शंभर वर्षं जगेल." मी हसले आणि मग मला हुंदका आवरेना.

आज चार मिली. पोट मऊ.

सहा ऑक्टोबरला एकशेवीस दिवस होतात. तुमच्या हाताला यश आहे की नाही ते मला सांगू नका. ते इसाना ठरवील. या वेळी दारातून फिरलात तर मी बेटावर येऊन तुमच्या होडीला भोक पाडीन.

चिनात्सु


१२ ऑक्टोबर

बाबा,

तुमचा फोन लागत नाही. बातम्यांत दाखवलं, वादळाने बेटावरच्या तारा पडल्या आणि फेरी बंद आहे. होडी नीट बांधली असेल अशी आशा करते. हे पत्र पोचेल तेव्हा सगळं होऊन गेलेलं असेल.

तीन किलो भरला! डॉ. नेगिशींनी अंदाज घेतला नाही. सरळ म्हणाल्या, "मोठं ऑपरेशन उद्या सकाळी." मी त्यांचे शब्द परत म्हणायला लावले.

सहा तारखेला तुम्ही येऊन गेल्यापासून इथे सगळे तुमची नक्कल करतात. काड्यांचं टोक दगडाला लावून तुम्ही त्याच्या ओठाला टेकवलंत. आणि त्याने टोक धरलं! चार महिने तोंडात काही गेलं नाही असं पोर, त्याने ओठ आवळले आणि ओढलं. तुम्ही ओरडलात, "ओढतोय! हा ओढतोय!" होडीवर ओरडता तस्सं. पलीकडच्या खाटेवरचं बाळ दचकून रडायला लागलं. सिस्टर "हळू, हळू" म्हणत होत्या आणि त्यांचेच डोळे भरले होते. तुम्ही काडी सोडेनात. तुम्हाला वाटत होतं, सोडली की तो निसटेल. मलाही तेच वाटत होतं.

त्या दिवसापासून रोज बेटावरून वॉर्डात फोन यायचा, सिस्टर म्हणतात. पलीकडचा आवाज नाव न सांगता एवढंच विचारायचा, "पोट मऊ आहे का?" आणि ठेवून द्यायचा. आज मऊ आहे, बाबा. आज विचारायला फोन आला नाही, म्हणून लिहिते.

उद्या भूल द्यायची आहे, म्हणून पहाटेपासून दूध पुन्हा बंद. बारा मिलीपर्यंत पोचलो होतो. सिस्टर सांगायला आल्या तेव्हा जरा बिचकतच आल्या. दूध बंद म्हटलं की मी कशी पेटते, ते त्यांना माहीत आहे. मी म्हटलं, लांबू दे.

भीती वाटते, बाबा. हे तेरुआकीला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते.

आणि दगडाचं. रीतीप्रमाणे तो जिथून उचलला तिथेच परत नेऊन ठेवायचा असतो, ते मला माहीत आहे. तुम्ही जाताना मागितलात, मी दिला नाही. आता तो इसानाच्या उशाशी आहे, सिस्टरनी तिसऱ्यांदा उकळून दिलाय. तो परत मी आणणार नाही आणि तुम्हीही न्यायचा नाही. इसाना आपल्या पायांनी किनाऱ्यावर येईल आणि ठेवील. त्याला वेळ लागेल. लागू दे.

चिनात्सु